थोडक्यात सांगायचं तर

महाराष्ट्रात माणसाची ओळख दुसऱ्याने करून द्यायची असते. स्वतःबद्दल स्वतः बोलणारा माणूस एकतर निवडणुकीला उभा असतो किंवा विमा विकत असतो, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. म्हणून तर कुठल्याही जाहीर कार्यक्रमात 'पाहुण्यांचा परिचय' हा स्वतंत्र विषय असतो आणि त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. हा माणूस माइकपाशी येतो, "आजच्या पाहुण्यांना परिचयाची गरज नाही" असं जाहीर करतो आणि पुढची वीस मिनिटं परिचय करून देतो. पाहुण्यांचा जन्म, प्राथमिक शिक्षण, तालुक्यात आलेला पहिला नंबर, भूषवलेली पदं, नाकारलेली पदं, सगळं येतं. पाहुणे मान खाली घालून सतरंजीकडे बघत असतात. बोलायला उठले की म्हणतात, "माझी जरा जास्तच स्तुती झाली." त्या विनयाला टाळ्या पडतात. तो परिचय पाहुण्यांनी आदल्या रात्री स्वतःच लिहून, जागोजागी 'ते' आणि 'त्यांनी' घालून, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असतो. हे संयोजकांना ठाऊक असतं, पाहुण्यांना तर असतंच, आणि श्रोत्यांनाही कळतं, कारण वाचणारा भरात शेवटची 'कळावे, लोभ असावा' ही ओळसुद्धा वाचून टाकतो.

या व्यवस्थेत कुणाचंच काही बिघडत नव्हतं. स्तुती होत होती आणि विनयही शाबूत राहत होता. शिवाय तिला ग्रंथाचा आधार होता. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात, पहिल्याच समासात मूर्खांची लक्षणं सांगितली आहेत. आपली स्तुती आपणच करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत सुटणारा, या दोघांना त्यांनी एकाच ओवीत बसवलं आहे. हे सतराव्या शतकातलं. २००३ च्या मे महिन्यात लिंक्डइन सुरू झालं आणि या समासातली काही लक्षणं नोकरीसाठी पात्रता ठरली. आता आपली स्तुती आपणच करायची आणि ती नावाखालच्या मथळ्यात २२० अक्षरांत बसवायची. वाडवडिलांचं तेवढं अजून सक्तीचं झालेलं नाही.

योगायोग असा, की त्याच २००३ साली 'टेल्को'चं नाव बदलून टाटा मोटर्स झालं. 'काय करता?' या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड झालं ते साधारण तेव्हापासून. त्याआधी या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर असायचं. टेल्कोत. एसटीत. झेडपीत. बँकेत. एवढ्यावर ऐकणाऱ्याला पगार, पाळी, पेन्शन आणि रजा यांचा अंदाज यायचा. मुलगी द्यायची की नाही, हेही तिथल्या तिथे ठरायचं. आजचा नातू सांगतो, "मी एका प्रॉडक्ट कंपनीत कस्टमर सक्सेस बघतो." आजी विचारते, "म्हणजे काउंटरवर बसतोस का रे?" तो म्हणतो, "नाही गं, आमची कंपनी सास आहे." आजी रोज हिंदी मालिका बघत असल्याने तिचा गोंधळ आणखी वाढतो. थोरला नातू परदेशी बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे. हे ऐकून गावाकडच्या काकांचा ऊर भरून येतो आणि दर दिवाळीला ते विचारतात, "मग प्रेसिडेंट कधी?" त्या बँकेच्या पुण्यातल्या ऑफिसात व्हाइस प्रेसिडेंट इतके आहेत, की दुपारी डबा गरम करायला मायक्रोवेव्हपाशी त्यांची रांग लागते, हे काकांना कोण सांगणार?

नोकरदारांचं हे असं. स्वतंत्र धंदा करणाऱ्यांचं दुखणं उलटं. त्यांना एक ओळख पुरत नाही. परवाच एका गृहस्थांनी मला त्यांचं कार्ड दिलं. वर मधोमध गणपती. त्याखाली सोनेरी अक्षरांत नाव आणि नावापुढे बी.कॉम., जी.डी.सी. अँड ए., डी.टी.एल. डाव्या बाजूला आयुर्विमा, म्युच्युअल फंड, इन्कम टॅक्स, जीएसटी. उजव्या बाजूला पॅनकार्ड, पासपोर्ट, भाडेकरार, शॉप अ‍ॅक्ट. कार्ड उलटलं तर मागे वास्तुशास्त्रानुसार सल्ला, एक व दोन बीएचके खरेदी-विक्री, आणि तळाशी, 'कोकणी मेवा घरपोच मिळेल'. फोन नंबर तीन. त्यातला एक पेनाने खोडून शेजारी हाताने चौथा लिहिलेला. एवढं सगळं येणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटतोच, पण याला नेमका कशासाठी फोन करावा ते उमगत नाही. मग आपण फोनच करत नाही. कार्ड आधी पाकिटात, मग ड्रॉवरमध्ये आणि शेवटी डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जातं. तिथे मात्र ते वर्षानुवर्षं चोख सेवा देतं.

आता कुणी म्हणेल, मराठी माणसाला ओळखी करता येत नाहीत. साफ खोटं आहे. ओळख काढण्यात आपला हात धरणारा कुणी नाही. दोन अनोळखी मराठी माणसं लग्नाच्या पंगतीत शेजारी बसली, की काय होतं ते बघा.

"आपण?"

"कुलकर्णी."

"कुठले कुलकर्णी?"

"मूळचे वाईचे, पण तीन पिढ्या सोलापुरात."

"सोलापुरात कुठे?"

"नव्या पेठेत."

"काय सांगता! नव्या पेठेत आमच्या मेव्हण्यांच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं."

"म्हणजे ते उंच, काळी टोपी घालणारे?"

"तेच! गेले ते. झाली आता बारा वर्षं."

"अरेरे. फार सज्जन माणूस. आमच्या मुंजीचं सोवळं त्यांच्याकडचंच."

इथे दोघांनाही गहिवरून येतं. जिलबीचा आग्रह होतो, फोन नंबर घेतला जातो आणि 'सोलापूर कुलकर्णी काळी टोपी' या नावाने सेव्ह होतो. या सगळ्यात एकाने दुसऱ्याला काय काम करता, हे विचारलेलं नसतं. एकाचा भोसरीत कारखाना असतो आणि हिशेबात मुरलेला माणूस तो गेले सहा महिने शोधत असतो. दुसरा कॉस्ट अकाउंटंट असतो आणि गेले सहा महिने नोकरी शोधत असतो. दोघं तृप्त मनाने आपापल्या घरी जातात.

लोकलच्या ग्रुपचंही तेच. ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात बरोबर जाणाऱ्या माणसांना एकमेकांच्या मुतखड्याचा आकार मिलिमीटरमध्ये ठाऊक असतो. कुणाच्या मुलीचं कुठे अडलंय, कुणाच्या सासूशी कुणाचं पटत नाही, सगळं पाठ. पण आपले अण्णा नोकरीला कुठे होते, हे त्यांच्या निवृत्तीच्या पेढ्यांबरोबर कळतं. "तुम्ही कस्टम्समध्ये होतात? अहो, मग माझा पार्सलचा घोळ झाला तेव्हा बोलला कसे नाहीत?" अण्णा म्हणतात, "तुम्ही विचारलं नाहीत."

अमेरिकेत थोडक्यात ओळख करून देण्याला 'एलेव्हेटर पिच' म्हणतात. मोठा माणूस लिफ्टमध्ये भेटला, की त्याचा मजला येईपर्यंत आपलं म्हणणं सांगून मोकळं व्हायचं. खुद्द लिफ्टची सगळ्यात चोख ओळख करून दिली ती एलिशा ओटिसने. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात तो उंच चढवलेल्या पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर तोडायला लावला. दोर तुटला, पाळणा किंचित खचला आणि तिथेच अडकून राहिला, कारण ओटिसने त्याला आपला ब्रेक बसवला होता. 'आम्ही ऊर्ध्वगामी वाहतुकीच्या क्षेत्रात सुरक्षिततेची सर्वंकष सोल्यूशन्स देतो' असं काही त्याला म्हणावं लागलं नाही. बघणाऱ्यांना कळायचं ते कळलं.

आपल्याकडे मुळात लिफ्टमध्ये बोलायची रीत नाही. आत शिरलं, की सगळ्यांनी दरवाज्यावरच्या आकड्यांकडे असं बघायचं, जणू दहावीचा निकाल तिथे लागणार आहे. सोसायटीच्या लिफ्टमध्ये संवाद झालाच तर तो 'आज पाणी कमी दाबाने आलं का?' एवढाच. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या इमारती तर तीन मजली आणि बिनलिफ्टच्या. जिन्यात भेटलेला माणूस आधी धाप टाकतो, मग गुडघ्यांबद्दल बोलतो, आणि तेवढ्यात त्याचं घर येतं. हिंजवडीच्या टॉवरमध्ये मजले भरपूर, वेळही भरपूर. पण तिथले साहेब कानात इअरबड्स घालून उभे असतात. ते कुणाशी बोलताहेत, गाणं ऐकताहेत की आपल्यालाच काही विचारताहेत, याचा उलगडा होईपर्यंत त्यांचा मजला येतो.

लिफ्टमध्ये जमत नाही म्हणून मग मुद्दाम जमायची सोय निघाली. आयव्हन मिसनर यांनी १९८५ साली कॅलिफोर्नियात बीएनआय सुरू केली. तिच्या एका शाखेत एका धंद्याचा एकच माणूस घेतात आणि दर आठवड्याला प्रत्येकाने मोजक्या सेकंदांत आपलं काम सांगायचं असतं. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब काढला. आज लहान-मोठ्या शहरांत असे कितीतरी गट आहेत, आणि मराठी माणूस धंद्याला भितो असं म्हणणाऱ्याने पहाटे उठून त्यांची एक तरी बैठक बघावी.

अशाच एका गटाच्या बैठकीला मी पाहुणा म्हणून जाऊन बसलो होतो. वेळ सकाळी सातची, जागा एका हॉटेलचा हॉल. आदल्या रात्री तिथे रिसेप्शन झालेलं असावं, कारण व्यासपीठामागे थर्माकोलची दोन नावं आणि त्यांच्यामध्ये एक बदाम तसाच होता. त्या बदामाखाली उभं राहून प्रत्येकाने तीस सेकंदांत आपली ओळख करून द्यायची. पुढच्या टेबलावर एक मुलगी मोबाइलवर वेळ लावून बसली होती. तिच्या हाताशी देवघरातली असावी तशी घंटा. तीस सेकंद झाले, की ती घंटा वाजवायची.

पहिले उठले ते एक चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी सुरुवातीला संयोजकांचे आभार मानले. मग अध्यक्षांचे, मग इतक्या सकाळी उठून आल्याबद्दल सगळ्यांचे, मग आपल्याला बोलायची संधी दिल्याबद्दल पुन्हा संयोजकांचे. घंटा वाजली. ते "धन्यवाद" म्हणून बसले. इतक्या कृतज्ञ माणसाचं नाव काय, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या मागून एक सुटाबुटातले तरुण उद्योजक आले. ते म्हणाले, "आम्ही क्लायंट्सना एंड-टू-एंड, इंटिग्रेटेड, सस्टेनेबल सोल्यूशन्स प्रोव्हाइड करतो. आमचा अप्रोच कस्टमर-सेंट्रिक आहे." सगळ्यांनी मान डोलावली. कळलं नाही की आपण मान डोलावतोच, ती आपली सभ्यता आहे. नंतर उपम्याच्या टेबलापाशी ते भेटले तेव्हा मी विचारलं, "सोल्यूशन्स म्हणजे कशाची?"

"पॅकेजिंग स्पेसमध्ये."

"म्हणजे?"

"सेकंडरी पॅकेजिंग. बेसिकली कॉरुगेटेड."

"म्हणजे?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पुठ्ठ्याची खोकी बनवतो. चाकणला."

मग मात्र ते खुलले. आंब्याचं खोकं हवेशीर कसं करावं लागतं, पंपाचं खोकं तळाला का फाटतं, आणि हव्या त्या मापाची हजार खोकी ते दोन दिवसांत कशी देतात, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं, की माझ्या हातातला उपमा गार झाला. मी म्हटलं, "अहो, हेच का नाही सांगितलंत तिथे?" ते म्हणाले, "खोकी बनवतो म्हणायला बरं नाही वाटत. त्यातून हल्ली महाराष्ट्रात खोके म्हटलं, की लोक भलतंच समजतात."

एक बाई उठल्या. "मी तशी काही विशेष करत नाही. घरच्या घरी आपलं थोडंफार फराळाचं," असं म्हणून वीस सेकंद शिल्लक असताना बसल्या. शेजारणीला राहवलं नाही. ती म्हणाली, "खोटं बोलतात त्या. दिवाळीत दहा बायका हाताखाली असतात. दुबईला आणि सिंगापूरला जातो फराळ." बाई लाजल्या, चोरी पकडली जावी तशा. त्या दिवशी त्यांना ज्या चौकश्या आल्या, त्या सगळ्या शेजारणीच्या वाक्यामुळे आल्या.

मग उठले ते वॉटरप्रूफिंगवाले. साधा बुशशर्ट, खिशाला पेन. त्यांनी नाव सांगितलं आणि म्हणाले, "वरच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम तुमच्या बेडरूमच्या छतातून खाली येत असेल, तर मी ते परत वर पाठवतो. वरच्यांशी भांडण न करता. पावसाळ्याच्या आधी फोन करा, पावसाळ्यात मी उचलत नाही." आणि बसले. घंटेवाल्या मुलीने हसू आवरेना म्हणून घंटा उगीचच वाजवली. उपम्यापाशी तेच वाक्य जो तो दुसऱ्याला ऐकवत होता. मी ते घरी येऊन सांगितलं, घरच्यांनी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी त्यांचा नंबर मागितला. त्यांनी तो का मागितला, या विषयावर आमच्याकडे सध्या बोलणं टाळतात.

कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांची तऱ्हा वेगळी. स्वतःची ओळख स्वतःच, चारचौघांसमोर आणि घड्याळ लावून करून द्यायची आपल्याकडे एकच जुनी जागा होती: वधू-वर परिचय मेळावा. मुलांनी तिथलाच साचा उचललेला दिसतो. मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं, की पोरगा ताठ उभं राहिल्यासारखा बसतो आणि सुरू करतो. मायसेल्फ अमुक अमुक. मूळ गाव उदगीर, सध्या पुण्यात. वडील शेती करतात, आई गृहिणी, एक मोठी बहीण, तिचं लग्न झालंय. आवड: क्रिकेट पाहणे, गाणी ऐकणे. गोत्र आणि उंची तेवढी राहते. गुण विचारले तर मेहनती आणि मनमिळाऊ. दुर्गुण विचारला तर 'मी परफेक्शनिस्ट आहे'; म्हणजे पत्रिकेत मंगळ आहे, पण सौम्य. याच पोराने शेवटच्या वर्षाला बाजार समितीत येणाऱ्या कांद्याचे भाव रोज आपोआप वडिलांच्या मोबाइलवर जातील असा प्रोग्रॅम लिहिलेला असतो, आणि गावातले इतर शेतकरी तो वापरतही असतात. ते तो सांगत नाही. त्याला वाटतं, त्यात काय सांगायचं?

इथे एका अमेरिकी समाजशास्त्रज्ञाला मध्ये आणावं लागेल. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ साली क्षीण संबंधांच्या ताकदीबद्दल एक निबंध लिहिला, आणि समाजशास्त्रात त्याचा हवाला आजही दिला जातो. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून तुम्हाला या नोकरीची खबर लागली, तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांनाच ती खबर नेहमी भेटणाऱ्याकडून मिळाली होती. सुमारे ५६ टक्क्यांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण सरळ आहे. जिवलग मित्राला तेच ठाऊक असतं, जे आपल्याला ठाऊक असतं. दोघं एकाच कट्ट्यावर बसतात. लांबचा ओळखीचा माणूस दुसऱ्या कट्ट्यावर बसतो आणि तिथल्या बातम्या त्याच्याकडे असतात.

मराठी माणसाने हे वाचून दचकायचं कारण नाही. मावसबहिणीच्या जावेचा भाचा, हा ग्रॅनोव्हेटरच्या कित्येक पिढ्या आधीपासून आपल्या उपयोगी पडत आलेला आहे. बारशापासून तेराव्यापर्यंत आपण हेच जाळं विणत असतो. अडचण एवढीच, की त्या भाच्याला आपलं गाव, आपलं आडनाव आणि आपल्या आजोबांचा तापट स्वभाव ठाऊक असतो, पण आपण काय काम करतो ते त्याला धड सांगता येत नाही. 'कंप्युटरमध्ये आहे' यापलीकडे त्याची मजल जात नाही.

आणि सगळं घोडं इथेच पेंड खातं. काम देणारा माणूस बहुधा त्या खोलीत नसतोच. तो असतो खोलीतल्या कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ऑफिसात. तुमची खरी ओळख तिथे होणार, तुमच्या माघारी, दुसऱ्याच्या तोंडून. तेव्हा ओळख दुसऱ्याने करून द्यायची, ही आपली पद्धत मुळात बरोबरच आहे. फक्त त्या दुसऱ्याच्या तोंडी काय द्यायचं, ते आपण ठरवायचं असतं. वीस मिनिटांचा परिचय त्याच्या लक्षात राहणार नाही आणि 'इंटिग्रेटेड सोल्यूशन्स' तो उंबऱ्याबाहेर पडताच विसरेल. बाथरूम परत वर पाठवणारा माणूस मात्र तो जन्मभर विसरणार नाही. समर्थांचीही भीती नको. 'मी कारखान्यांसाठी खोकी बनवतो' ही स्तुती नाही, माहिती आहे. माहिती देणाऱ्याला त्यांनी मूर्खांच्या यादीत घातल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता हे करायचं कसं? अर्ध्या मिनिटात सावकाश बोललं तर साठ-सत्तर शब्द बसतात. त्यात पहिलं नाव. आपण स्वतःचं नाव इतक्या घाईने उरकतो, जणू समोरच्याला ते आधीच ठाऊक आहे. ते आडनावासकट, नीट ऐकू येईल असं सांगावं. मग काम, कुणासाठी करता ते, आणि अशा शब्दांत, की घरी गेल्यावर ऐकणाऱ्याने ते आपल्या आईला सांगितलं तर तिला कळेल. आई "म्हणजे?" म्हणाली, की वाक्य बदलायचं. त्यानंतर केलेलं एखादं काम, एकच; कांद्याच्या भावाचा प्रोग्रॅम इथे बसतो. शेवटी तुम्हाला काय हवंय ते.

या शेवटाशी आपली गाडी अडते. मागणं आपल्या जिवावर येतं. नोकरी शोधणारा माणूस 'सध्या ब्रेक घेतलाय', 'थोडं कन्सल्टिंग चाललंय', 'दोन-तीन ठिकाणी बोलणी सुरू आहेत' असं काहीही सांगेल, पण 'नोकरी शोधतोय' म्हणणार नाही. लिंक्डइनने फोटोभोवती हिरवी कड काढून तशी जाहीर सोय करून दिली, तर ती लावण्याआधी माणूस विचार करतो, की सासरच्या लोकांना दिसेल का. अहो, दिसू दे. सासरचे लोक हेच सगळ्यात मोठं जाळं आहे. मघाच्या पंगतीत कुलकर्णींनी एवढंच म्हणायला हवं होतं: "मी कॉस्ट अकाउंटंट. कारखान्यात पैसा नेमका कुठे गळतो, ते शोधून देतो. सध्या नोकरी शोधतोय." जिलबी पानात पडायच्या आत भोसरीला जाण्याचा दिवस ठरला असता. काळ्या टोपीबद्दल मग निवांत बोलता आलं असतं.

या सगळ्यानंतरचं शेवटचं काम म्हणजे थांबणं. आपलं सांगून झालं, की समोरच्याला "आणि आपण?" असं विचारावं आणि तो सांगेल ते पुरतं ऐकावं. अशा मेळाव्यांत बोलणारे सगळेच असतात. ऐकून घेणारा एखादाच असतो आणि सगळ्यांच्या लक्षात तोच राहतो. या दिवाळीत फराळाला कुणाकडे जाल, लग्नाला जाल, नाहीतर कुठल्या परिषदेच्या चहाच्या रांगेत उभे राहाल. गाव आणि आडनाव विचारून झालं, की पुढचा प्रश्न कामाचा विचारा. आणि तोच प्रश्न तुम्हाला आला, तर "काही विशेष नाही" असं कृपा करून म्हणू नका.